खाडीचं विरजण

पहिलं इंजिन बंद पडलं तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात आम्ही हसलो होतो.

तारीख एक ऑगस्ट. पावसाळ्यातली दोन महिन्यांची मासेमारीबंदी उठली होती आणि त्या पहाटे आमच्या आवळीबंदरच्या एक्केचाळीस बोटी एकामागोमाग खाडीबाहेर पडल्या होत्या. आजूबाजूची गावं नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट हलवत नाहीत. त्या वर्षी पौर्णिमा चार दिवसांवर होती. पण आमचे चेअरमन धर्माजी नाखवा यांना तेवढा दम कुठला? "नारळ आदी देऊ, मावरं आदी आनू," असं म्हणून, मावऱ्याच्या म्हणजे मासळीच्या ओढीनं, त्यांनी एकतीस जुलैलाच नारळ सोडून टाकला. दर्यानं काही तक्रार केली नाही.

दुपारी एकच्या सुमाराला वायरलेस खरखरला. 'गोदावरी' बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, सांगत होता की इंजिन खोकून खोकून बंद पडलं.

"दोन महिने झोपलेलं इंजिन," धर्माजी म्हणाले, "उठायला कुरकुर करनारच."

"आमच्या घरातला पन तसाच हाय," माझी धाकटी जाऊ भारती म्हणाली. "दोन हाका मारल्याशिवाय चालू होत नाय." आणि आम्ही हसलो. तिचा नवरा जितू 'एकवीरा प्रसाद' घेऊन गेला होता. माझे हे, मोरेश्वर, 'जय मल्हार'वर होते. बोटी बाहेर पडल्या की पहिल्या दिवशी घरच्या बायका सोसायटीत बसून वायरलेस ऐकतात. चहा, कांदाभजी, आणि कोणाला किती मासळी लागली त्याच्या गप्पा.

दहा मिनिटांनी दुसरी बोट बंद पडली. मग तिसरी. चौथी आणि पाचवी एकाच वेळी बोलायला लागल्या, त्यामुळे कोणाचंच नीट कळेना. पाचवीनंतर भज्यांच्या ताटलीला कोणी हात लावला नाही.

दोन वाजेपर्यंत अकरा.

"डिझेलमधी भेसळ हाय," धर्माजी म्हणाले. आता ते उभेच होते. सोसायटीचा डिझेलपंप त्यांच्या अखत्यारीतला, त्यामुळे बोलताना त्यांचाच आवाज बसला. नैर्ऋत्येचा वारा होता. संध्याकाळी पाचनंतर तो वाढणार, असं हवामानवाल्यांनी सकाळीच कळवलं होतं. वाऱ्याच्या वाटेवर, बोटींपासून आठेक मैलांवर, दातेरी आहे. दातेरी म्हणजे पाण्याच्या वर जेमतेम हातभर दिसणारा खडक, पसरलेला अर्धा मैल. चालत्या इंजिनाच्या माणसाला तो कळतही नाही. बंद इंजिनाच्या माणसाला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. आमच्या बोटींवर शिडं होती ती आजोबांच्या काळात.

तटरक्षक दलाला फोन गेला. त्यांच्या दोन बोटी लगेच निघाल्या. पण पोचायला साडेतीन तास, आणि बोटी दोन.

मग जितूचा आवाज आला. "एकवीरा प्रसाद बोलतंय. आमचं पन बसलं. फिल्टर खोललाय. आत साय आलीय, दुधावर येते तशी. नि डिझेल पांढरं झालंय, ताकासारखं. ओव्हर."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. का ठेवला ते मला त्या क्षणी कळलं नव्हतं, पण हाताला आधी कळलं असावं.

मी धर्माजींच्या हातातून माईक घेतला. "जितू, वास कसला येतोय त्याला?"

"कं?"

"वास घेऊन सांग."

खरखर झाली. मग तो म्हणाला, "काजूची बोंडं नासल्यावर येतो तसा. वैनी, तुला कसं म्हाईत?"

कसं म्हाईत? तो वास माझ्या मोरीत तीन वर्षं मडक्यात झाकलेला होता.

*

रस्त्यावरच्या गाड्या विजेवर गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या तालुक्यातला शेवटचा पेट्रोल पंप होता तिथं लग्नाचा हॉल आहे. पण तेलाची गरज संपली म्हणून तेल काही माणसाची पाठ सोडत नाही. आमच्या नि आसपासच्या खाड्यांखालून एक जुनी तेलाची पाइपलाइन जाते. ज्या कंपनीची होती ती बुडाली, आणि कंपनीच बुडाल्यावर पाइपकडे बघणार कोण? चार वर्षांपूर्वी ती गंजून ठिकठिकाणी फुटली.

समुद्र पुरुषांचा, खाडी बायकांची, अशी आमच्याकडची वाटणी. कालवं, तिसऱ्या, खेकडे, करंदी, जे काही गुडघाभर चिखलात मिळतं ते बायका काढतात आणि बायकाच विकतात. त्या वर्षी तिवरांच्या मुळांवर डांबर चढलं. कालवं फोडली की आतून काळं पाणी यायचं. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची, दहावी पास, आणि रिकाम्या हातांची.

तेव्हा डॉक्टर शर्वाणी गद्रे आल्या. सरकारी प्रयोगशाळेच्या जीवाणूवाल्या मॅडम. त्यांनी समाजमंदिरात आम्हाला बसवून सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं होतं. तेल खाणारे जीवाणू समुद्रात मुळातच असतात, कोट्यवधी वर्षांपासून. तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. जीवाणू त्या तोडतात, त्यातून ताकद घेतात, आणि मागे उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. अडचण एवढीच की ते फार सावकाश जेवतात. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणजे ताट पुढ्यात आणि घास तोडता येत नाही. मॅडमच्या लोकांनी एका जीवाणूत बदल करून त्याला साबणासारखा एक पदार्थ तयार करायला शिकवलं. त्यानं तेलाचा तवंग फुटून बारीक थेंब होतात. मग तो भराभर खातो.

"आणि तो सुटला तर?" मी विचारलं होतं.

मॅडमना प्रश्न आवडला. "सुटूच शकत नाही. त्याला जगायला एक पोषक लागतं, ते तो स्वतः करू शकत नाही. निसर्गात ते मिळत नाही. पाकिटातल्या निळ्या पुडीत ते असतं. पुडी बंद, की चार दिवसांत तो मेला."

पाकिटाचं नाव 'निर्मळ'. कोमट पाण्यात कालवायचं, एक दिवस झाकून ठेवायचं, ओहोटीला चिखलावर शिंपडायचं. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: उरलेले द्रावण उकळून नष्ट करावे.

आता सांगा. जी बाई आयुष्यभर रात्रीच्या दुधाला आदल्या दिवसाचं चमचाभर दही लावत आली, ती विरजण उकळून टाकील?

शिवाय पाकिटं वेळेवर येत नसत. कधी टेंडर अडकायचं, कधी गाडी. चिखलावरचं तेल मात्र वेळेवर असायचं. म्हणून मी प्रत्येक वेळी वाटीभर द्रावण मागे ठेवायला लागले. निळी पुडी नसेल तेव्हा करंदी धुतलेलं पाणी घालायची, तांदळाचं धुवण घालायची. बहुतेक वेळा मडकं मरायचं. वास जायचा, ते मी ओतून द्यायची. पण एकदा एक मडकं मेलं नाही. मंद, आजाऱ्यासारखं, पण जिवंत. त्याचंच मी पुढचं विरजण लावलं. त्यातलं जे चांगलं धरलं त्याचं पुढचं. सात-आठ महिन्यांनी मला निळ्या पुडीची गरजच उरली नाही. मला वाटलं, माझ्या हाताला गुण आहे.

बायका विरजण मागायला यायला लागल्या. न्यायचं कशात? प्रत्येक कोळ्याच्या घरी जे असतं त्यात, डिझेलच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमध्ये. तळाशी थेंबभर डिझेल असलं की विरजण आणखी झकास धरायचं. ही युक्तीसुद्धा मीच सगळ्यांना सांगितली. काम झालं की कॅन विसळून पुन्हा बोटीवर.

दोन वर्षांत खाडी स्वच्छ झाली. निवट्या पुन्हा चिखलावर उड्या मारायला लागल्या. गद्रे मॅडम आल्या, चिखलाचे नमुने घेतले, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या निर्मळनं कुठंच इतकं चांगलं काम केलेलं नाही." मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांनी माझा हात हातात घेतला होता, आणि मला रागावून घ्यायचं नव्हतं. यांनाही सांगितलं नाही. ते म्हणाले असते, कागदावर उकळा लिहिलंय तर उकळायचं. माझे हे कागदावरचं सगळं पाळतात, दर्यावरचं काहीच नाही.

आणि मग आली त्या वर्षीची दोन महिन्यांची बंदी. आदल्या वर्षी विरजण मोजक्या घरांत होतं, आता घरोघरच्या कॅनमध्ये. अर्ध्या भरलेल्या टाक्या, पावसाळी दमट हवा. अशा टाकीत आतल्या आत घाम सुटतो आणि तळाशी पाणी साठतं. वर डिझेल, खाली पाणी, मध्ये माझं विरजण, आणि हलवायला कोणी नाही.

*

मी गद्रे मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ऑफिसात धर्माजी होते, भारती होती, आणखी वीसेक बायका होत्या. कोणापासून लपवायचं आता?

मॅडम पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या, "पण तो जगूच शकत नाही."

"तीन वर्षं जगलाय, मॅडम."

"रंजनाताई, पुडीशिवाय तो..." त्या थांबल्या. शिकलेल्या माणसाला धक्का बसला की तो आधी आपलं वाक्य पूर्ण करायला बघतो. त्यांना ते जमलं नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "किती बोटी?"

"एकोणीस झाल्या आता."

"कोणालाही कॅनमधलं राखीव डिझेल टाकू देऊ नका. कॅन तर आणखी वाईट असतील. ऐका, त्यानं डिझेलमध्ये पाणी कालवलंय, म्हणून ते पांढरं दिसतंय. ते पाणी काढलं तर इंजिन चालेल. बोटीवर मीठ असतं का?"

असतं. बर्फ संपला तर मासळी खारवायला प्रत्येक बोटीवर जाड्या मिठाची एक गोण असते.

"तेलाच्या कारखान्यांत डिझेल कोरडं करायला मिठाच्या टाक्यांतून सोडतात. मीठ पाणी ओढून घेतं. कापडात भरून त्यातून गाळायला सांगा. साय कापडात अडकेल, पाणी मिठात. पूर्ण स्वच्छ नाही होणार, पण बंदरापर्यंत आणेल."

मी माईक उचलला. धर्माजींनी माझं मनगट धरलं. चांगला माणूस, दुष्टपणानं नाही. "रंजना, मीठ सांग. बाकीचं नको बोलूस. तज्ज्ञ लोकांनी सांगितलं म्हन. पोरं घरी येऊ देत, मंग बघू."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, लगेच पटलं.

"सगळ्या बोटींनी ऐका," मी म्हणाले. "लुंगी नाहीतर चादर चार पदरी करा, रिकाम्या टबावर बांधा, त्यात कोरडं जाडं मीठ भरा. टाकीतलं वरचं वरचं डिझेल काढून त्यातून हळूहळू गाळा. फिल्टर धुवा. गाळलेलं इंजिनाला द्या. कॅनमधलं राखीव डिझेल अजिबात वापरू नका."

मग एकदम सगळे.

"मीठ? इंजिनात मीठ?" "कोन बोलतंय ते?" "इंजिन कायमचं जाईल!" "आमी कॅन ओततोय, कॅनमधलं साफ हाय."

त्या गलक्यात यांचा आवाज ओळखू आला. "जय मल्हार बोलतंय. आमचं पन बसलंय. रंजे, डोक्यात ऊन गेलं का तुझ्या? मीठ लोखंड खातं हे लहान पोराला कळतं. कोनी सांगितला हा शहाणपना? ओव्हर."

"तज्ज्ञांनी," मी म्हणाले.

"तज्ज्ञांना सांग, हितं येऊन ओता. आमी कॅन लावतोय. ओव्हर."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. त्यांचं काय चुकलं? तीस वर्षं इंजिनाला खाऱ्या पाण्यापासून जपलेला माणूस. त्याला कोणी तरी, कुठं तरी, मीठ घाल म्हणतंय. मीही घातलं नसतं.

मी धर्माजींचा हात बाजूला केला.

"जय मल्हार, आणि सगळ्यांनी ऐका. मी रंजना मोरेश्वर नाखवा बोलतेय. तुमच्या टाकीत जे झालंय ते माझ्या मडक्यातलं आहे. खाडी साफ करायचं विरजण. कागदावर ते मारून टाका असं लिहिलेलं होतं. मी मारलं नाही, वाढवलं. तुमच्या बायकांना तुमच्याच कॅनमधून मी ते दिलं. त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून सांगते, कॅनमध्ये तेच आहे. ते कशानं मरतं, कशानं हटतं, हे मला आणि गद्रे मॅडमना माहीत आहे, बाकी कोणाला नाही. मीठ लावा. इंजिन गेलं तर माझ्या दारात आणून टाका. ओव्हर."

माझ्या मागं बसलेल्या बायकांकडे मी बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

मग हे म्हणाले, "किती वर्षां?"

"तीन."

"तीन वर्षां एका घरात. नि मना नाय बोललीस."

'ओव्हर' म्हणायचं ते विसरले. मग त्यांचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हता, खलाशांशी होता: "तो कॅन ठेव खाली. मिठाची गोन आन."

*

साडेतीनला 'जय मल्हार'चं इंजिन लागलं. ते वायरलेसवर सांगायची गरज पडली नाही. यांनी बटण दाबून माईक इंजिनाजवळ धरला. ती धडधड ऐकल्यावर बाकीच्यांनी वाद घातला नाही. 'गोदावरी' लागली. 'हिंगळादेवी' लागली. धर्माजी फळ्यावर खडूनं बोटींची नावं लिहून एकेक खोडत होते, आणि प्रत्येक खोडलेल्या नावाला ऑफिसातली एखादी बाई मटकन खाली बसत होती. दोन बोटींनी आधीच कॅन ओतले होते. त्यांना शेजारच्या चालू झालेल्या बोटींनी ओढायला घेतलं.

सव्वाचारला फळ्यावर एकच नाव राहिलं.

"जितू," मी म्हणाले, "काय झालं? गाळलंस का?"

"गोन नाय, वैनी." त्याचा आवाज शांत होता. "कवापासून शोधतोय. मिठाची गोन बोटीवर नाय. कोनी घेतली कळत नाय. वारा वाढलाय. नांगर टाकलाय, पन खाली खडप हाय, धरत नाय. ओव्हर."

माझ्या शेजारी काही तरी हललं. भारतीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

"गोन माझ्या पडवीत हाय," ती म्हणाली. कोणाशी म्हणाली कोण जाणे. "जूनमधी करंदी खारवायला आनली. परत ठेवायची राहिली."

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिनं मला झटकलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी जागच्या जागी थांबले.

'जय मल्हार' सगळ्यात जवळ होती, तरी नऊ मैल लांब. यांनी बोट फिरवली. "जितू, येतोय रं," ते म्हणाले. "दोर तयार ठेव." मिठातून गाळलेल्या डिझेलवर इंजिन पूर्ण वेग घेत नव्हतं. दर दहा मिनिटांनी हे जितूला हाक मारायचे, दर दहा मिनिटांनी जितू उत्तर द्यायचा. एकदा म्हणाला, "भारती हाय का तिथं?"

मी माईक तिच्यापुढं धरला. तिनं तो हातात घेतला. मग म्हणाली, "जेवलास का?"

"डबा खाल्ला," तो म्हणाला. "बोंबील खारट झालेले."

पाच वाजून पाच मिनिटांनी नांगराचा दोर तुटला, हे त्यानंच सांगितलं. त्यानंतर यांनी मारलेल्या हाकांना उत्तर आलं नाही.

साडेपाचला हे बोलले. "सहा जनांना घेतलंय पान्यातनं." थांबले. "सहा. जितूनं त्यांना फळ्या दिल्या, तो मागं व्हता. शोधतोय. ओव्हर."

बोटीवर सात जण होते.

जितू दुसऱ्या दिवशी सकाळी दातेरीच्या आतल्या अंगाला सापडला. तोवर पाणी शांत झालं होतं.

*

गद्रे मॅडम त्याच दिवशी आल्या. गावातली सगळी मडकी, सगळे कॅन, सोसायटीचा पंप, त्यांच्या माणसांनी काय काय उकळलं आणि काय काय जाळलं. दुपारी त्या माझ्या ओट्यावर बसल्या. रागवतील असं वाटलं होतं. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमच्या सगळ्या चाचण्या चार आठवड्यांच्या होत्या," त्या म्हणाल्या. "चार आठवड्यांत तो पुडीशिवाय जगायला शिकणं अशक्य होतं. तुम्ही जवळजवळ दीडशे वेळा त्यातले जगलेले उचलले, मेलेले फेकले. अब्जावधींमध्ये एखादाच पोषक स्वतः बनवायला लागतो. तुम्ही दरवेळी नेमका त्यालाच वाढवत गेलात. एखादी बाई त्याला तीन वर्षं विरजणासारखी जपेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आणि आमच्यापैकी निम्म्या बायका घरी दही लावतात."

मग त्यांनी वही काढली. "आणखी कोणाला दिलंत?"

मी सांगायला लागले. माहेरी. माहेरच्या शेजारणीला. बागदांड्याला बचत गटाच्या मेळाव्यात. दोन मुलींची लग्नं झाली तेव्हा त्यांच्याबरोबर. त्या मुलींनी तिकडं. सव्वीस गावं झाली, आणि ती फक्त मला ठाऊक असलेली. मॅडमचं पेन मध्येच थांबलं. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "या गावांच्या बोटी कधी सुटतात?"

नारळी पौर्णिमेला. तीन दिवस उरले होते.

मॅडमनी बोटी थांबवायचा सरकारी आदेश मागितला. आदेश निघणार होता, पण सह्या तीन, आणि मध्ये सुट्टी. म्हणून मी फोन करायला बसले. एकेक गाव, एकेक बाई. टाकीचा तळ उघडून पाणी काढा, टाकी पुसा, कॅन जाळा, मडकं उकळा.

बायका ऐकून घेत आणि मग बोलत.

"तुमची खाडी साफ झाली, आता आमची नको वाटतं?"

"रंजनाताई, पाकिटवाल्यांनी किती चारले?"

"आमची कालवं परवाच परत दिसायला लागलीत, आणि तुम्ही म्हणताय मडकं मारा. तुम्हीच तर शिकवलंत, विरजण मारायचं नसतं म्हणून."

एकीनं सांगितलं, त्यांच्या गावात असं काही झालेलं नाही. मी म्हणाले, होईल. ती म्हणाली, तुम्ही आमच्या बोटींना तोंडानं अपशकुन करताय, आणि फोन ठेवला. बातम्यांत आमचं दाखवलं होतं, पण बातम्यांत 'डिझेलमध्ये भेसळ' म्हणूनच दाखवलं. धर्माजींना वाटलं, तेवढंच गावाचं नाव वाचलं.

हे घरात होते. माझ्याशी बोलत नव्हते, पण मी फोनवर असले की समोर पाण्याचा तांब्या आणून ठेवत. त्यापुढं काही नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत सव्वीसपैकी सतरा गावांत कोणी तरी हो म्हणालं होतं. नऊ गावं राहिली होती, आणि त्या नऊ गावांच्या बायकांनी माझा नंबर उचलणंच बंद केलं होतं.

तेव्हा भारती आली.

जितूला जाऊन चौथा दिवस. सुतकातली बाई दहाव्यापर्यंत उंबरा ओलांडत नाही. ती ओलांडून आली, मधलं अंगण चालत, आणि अंगणात बसलेली माणसं बघत राहिली. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आताही माझ्याकडे न बघता ती समोर बसली.

"किती राहिली?"

"नऊ."

"तुझ्या फोनवरनं नको. माझ्या."

तिनं वही स्वतःकडे ओढली, पहिला नंबर लावला, फोन मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे टीव्ही चालू होता, पोरांचा कालवा होता, आणि उद्याच्या सणाचं नारळ खवणं चाललं असावं, तसा आवाज.

"बागदांड्याच्या सुनीताबाई काय? मी आवळीबंदरची भारती नाखवा."

"आवळीबंदरची?" बाई लगेच उखडली. "त्या रंजनाबाईंना सांगा, पुन्हा फोन करू नका म्हनावं. आमी मडकं फोडनार नाय. उद्या बोटी सुटतायत आमच्या, सनासुदीचं कसलं अभद्र बोलताय?"

"मडक्याचं मागनं बघू," भारती म्हणाली. "तुझा घरवाला कुठल्या बोटीवर हाय?"

"'सागरकन्या'वर. का?"

"नाव काय त्याचं?"

पलीकडची बाई गोंधळली. "रमाकांत."

"माझ्याचं जितेंद्र व्हतं," भारती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"सुनीता, तुझा रमाकांत आता घरात हाय ना? त्याला फोनजवळ बोलव. मी त्याच्याशीच बोलते."

पलीकडे कोणी तरी टीव्ही बंद केला.